सईचा काना कुठून आला?

फ्रँकफर्टहून तीन आठवड्यांच्या मुलीच्या आईचं पत्र आलंय. सासर ठाण्याच्या नौपाड्यातलं. प्रश्न चार आहेत, पण मी अडकले ती या वाक्यावर: "नाव 'सई' ठरलंय. मी व्हॉट्सअॅपवर इंग्रजीत एस-ए-आय लिहून पाठवलं, तर सासूबाईंनी चांदीच्या वाटीवर 'साई' कोरून आणलं. आता इथले जर्मन लोक काय करतील या नावाचं?"

अगं, जर्मनांचं नंतर बघू. पहिला घोळ ठाण्यातच झाला, मराठी माणसानं मराठी माणसाला पाठवलेल्या निरोपात. सराफानं दिसलं तसं वाचलं, त्याचं काय चुकलं? तुम्ही पोरी घरी मराठी बोलता आणि निरोप मात्र रोमनमध्ये धाडता. फोनमध्ये देवनागरी असते, ती वापरा की!

"इंटरनेटवर कुठे फूल, कुठे साईबाबांचा आशीर्वाद असा अर्थ दिलाय. खरा कोणता?" दोन्ही नाहीत. सई म्हणजे मैत्रीण. संस्कृतातल्या सखीची प्राकृतात 'सही' झाली, कारण दोन स्वरांमधल्या 'ख'चा तिथे 'ह' व्हायचा. मुखाचं 'मुह' झालं तसंच. गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहातल्या बायका एकमेकींना हीच हाक मारतात. मराठीत येईतो 'ह'ही गळला. एक असली तर सई, चारचौघी असल्या तर सया, आणि हाक मारताना 'सये'. 'साई' मात्र परक्या घरचा, स्वामीपासून आलेला. म्हणजे एक काना चिकटला की मैत्रीण जाते आणि मालक येऊन बसतो! शिवाजी महाराजांच्या सईबाईंचं नावही हेच. फलटणच्या निंबाळकरांची लेक, संभाजीराजांची आई. १६५९मध्ये राजगडावर गेल्या. मुलीला नावाची गोष्ट सांगायची तर त्यांची सांग.

आता स्पेलिंग. रोमनमध्ये आपल्या 'अ' आणि 'आ'ला मिळून एकच ए आहे, त्यामुळे बिनचूक स्पेलिंग शोधत रात्री जागू नकोस. कमीत कमी नुकसान करणारं निवड. एस-ए-आय नको: भारतात ते साई होतं, इंग्रजीत साय, जर्मनमध्ये झाय. आमच्या मेलबर्नच्या सईला शाळेत सगळे दुधावरची साय करून टाकतात. वाय घातलास तर मध्ये नको असलेला 'य' येतो. आयवर दोन टिंबं द्यायची म्हणशील, तर पासपोर्टच्या खालच्या, यंत्रानं वाचायच्या ओळीत टिंबं टिकत नाहीत. एस-ए-ई-ई घे. महाराष्ट्रात ते ओळखीचं आहे, इंग्रजी माणूस बहुधा बरोबरच्या जवळ जातो, साईशी गल्लत होत नाही. जर्मन माणूस मात्र जोड ई पाहून लांब 'ए' म्हणेल, आणि सुरुवातीच्या 'स'चा 'झ' करेल (म्युनिककडे 'स' बहुधा 'स'च राहतो). त्यावर उपाय तोंडी. पाळणाघरात पहिल्याच दिवशी सांग: 'वासर'मधला स, 'बिटे'च्या शेवटी अर्धवट निघतो तो अ, 'झी'मधली लांब ई. त्यांच्याच भाषेतले तीन शब्द आहेत, दोन मिनिटांत जमतं. आणि कुणी चुकलं तर हसून सोडून देऊ नकोस, तिथल्या तिथे सुधार. आपण सगळ्यांनीच परदेशात "चालेल, चालेल" म्हणत आपापली नावं मोडून घेतलीत.

घाई मात्र कर. जर्मनीत जन्माची वर्दी आठवड्यात द्यावी लागते आणि नाव महिन्याच्या आत. बारशाला सासूबाई येईपर्यंत थांबायचं ते पेढ्यांसाठी. कागद थांबत नाही. मुलगी भारतीय नागरिक राहणार असेल, तर वर्षाच्या आत वकिलातीत जन्मनोंदणी कर, आणि तिथे जर्मन दाखल्यावरचंच स्पेलिंग अक्षरन् अक्षर उतरव. वडिलांचं नाव मधे घालायची आपली सवय तिथे नडते. ते मुलीच्या नावापुढे जोडलंस, तर जर्मन कचेरी दोन्ही मिळून तिचंच नाव समजते आणि मग लसीकरणाच्या कार्डापासून बँकेपर्यंत तेच चालतं.

राशीचं अक्षर 'ला' आलंय म्हणतेस. मग नावरस नाव पाळण्यात कानात सांग नि पत्रिकेत ठेव, कागदावर सईच. आत्या वाशीहून व्हिडिओ कॉलवर कुर्र करेल, चालतं. थोरला रुसलाय, त्याच्या हाती पाळण्याची दोरी दे.

राहिली वाटी. ती मोडीत घालायची नाही. सासूबाईंना म्हणावं, सराफाकडे परत न्या आणि फक्त काना घासून पॉलिश करून मागा; बाकीची अक्षरं बरोबरच आहेत. हलकं कोरलेलं सहज निघतं. खोल असेल तर तेवढ्यासाठी चांदी पातळ करू देऊ नका, त्या कान्यावर एक छोटं फूल कोरून घ्या.