‘शुए फू जू यू थांग’ या चिनी काढ्यात काय असतं? वॉर्फरिनसोबत घेतला तर चालेल का?

वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर नाही. यातल्या दांगग्वेई या चिनी वनस्पतीच्या मुळीने रक्त आणखी पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. गरोदरपणातही वर्ज्य.

वांग छिंगरन या चिनी वैद्याने 1830 मध्ये दिलेला हा 11 घटकांचा काढा. छातीत एकाच जागी, टोचल्यासारखं जुनं दुखणं असेल तर तिकडे देतात. भर पीचच्या बियांतल्या गरावर (साधारण 12 ग्रॅम) आणि करडईच्या फुलांवर (9 ग्रॅम). हो, आपल्याकडच्या करडईच्याच. छायहू ही आणखी एक चिनी मुळी, ती जेमतेम 3 ग्रॅम. पीचचा गर जास्त पडला तर विषारी, त्यातून सायनाइड सुटतं. यातलं ज्येष्ठमध फार दिवस पोटात गेलं की पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो.

कळ नवी असेल, घाम फुटत असेल तर काढा उकळत बसू नका, आधी ईसीजी.