कॅमेऱ्याला नमस्कार का?

प्रिय सई,

काल आत्याशी फोनवर बोलताना तू विचारलंस, "बाबा कोल्हापुरात त्या कॅमेऱ्याला नमस्कार का करतात? ते तर मशीन आहे!" मला ते लागलं. तुझा प्रश्न रास्तच आहे, पण तो मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

खरी कॉर्नरचा तो कॅमेरा स्तंभ म्हणजे बाबूराव पेंटरांचं स्मारक. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा हा माणूस. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, म्हणून त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदरावांनी तो घरचाच बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी काम तडीस नेलं. आजही १ डिसेंबरला तिथे पूजा होते.

आबांचं उद्यमनगरातलं वर्कशॉप तू पाहिलेलं नाहीस. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो. लेथवरून पोलादाच्या निळसर, कुरळ्या साली सुटायच्या. त्या इतक्या गरम की आबा मला लांब उभं करायचे. खंडेनवमीला त्याच लेथला झेंडूचा हार. परतताना खरी कॉर्नरला सायकल थांबवून ते म्हणायचे, "आपल्यासारख्याच माणसानं केलाय बघ ह्यो." मग हात जोडायचे. माझा नमस्कार तिथून आलाय.

आजीचं वेगळंच. तिला रागदारीतलं काही कळत नसे, पण पाहुणे आले की गायक अल्लादिया खाँचा पुतळा दाखवून सांगायची, "हे आमचे खाँसाहेब." खाँसाहेब मूळचे उत्तरेकडचे, शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गायक म्हणून ठेवून घेतलं. आजीच्या त्या 'आमचे' मध्ये मला माझं गाव सापडतं.

इथे टोरांटोत पियानोवादक ग्लेन गूल्डचा पुतळा फ्रंट स्ट्रीटवर बाकावर बसलाय आणि तू त्याच्या शेजारी बसून फोटो काढतेस. हार नाही, पूजा नाही. कदाचित ते जास्त बरं. आमच्याकडे वर्षातून एकदा हार पडतो, आणि एरवी त्या खांबाकडे किती जण मान वर करून बघतात? 'प्रभात' फिल्म कंपनीही १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुण्याला गेलीच. नुसती स्मारकं उभारून गाव कलेचं राहतं का, मला खात्री नाही.

पण ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, तेव्हा आत्या फोनवर रडत होती आणि तू विचारलंस, "कोण गेलं?" शाहू महाराजांनी बांधलेलं ते थिएटर. गॅदरिंगला मी तिथे मावळा झालो होतो; एकच वाक्य होतं आणि आबा पहिल्या रांगेत.

तू नमस्कार करावास असं माझं म्हणणं नाही. पण पुढच्या फोनला आत्याला त्या नाट्यगृहाबद्दल विचार. तिने तिथे काय काय पाहिलंय, ते ती माझ्यापेक्षा छान सांगेल.

तुझा,
बाबा