स्वस्तातलं साउंडिंग रॉकेट: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: आम्ही इंजिनिअरिंगची मुलं, वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारं साउंडिंग रॉकेट कमी खर्चात बनवायचंय. सर म्हणतात, बलून आणि सॅटेलाइट असताना रॉकेट कशाला? आणि टेस्टिंग कसं करायचं?
– एक विद्यार्थी, कोथरूड, पुणे

उत्तर: सरांना सांगा, बलून ४० किमीच्या आसपास थांबतो आणि सॅटेलाइट दीडशे किमीच्या खाली हवेच्या घर्षणामुळे टिकतच नाही, मग मधल्या पट्ट्यात सेन्सर न्यायचा तर रॉकेटच लागतं. रॉकेट उडवायला केरळमधलं थुंबा निवडलं तेही यासाठीच, मॅग्नेटिक इक्वेटर (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं विषुववृत्त) तिथून जवळ आहे आणि त्याच्यावर शंभरेक किमी उंचीवर इलेक्ट्रोजेट हा विजेचा प्रवाह वाहतो. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं.

स्वस्त कसं करायचं ते इस्रोच्या आरएच-२०० कडून शिका, मला हे रॉकेट फार आवडतं. २०० मिमी व्यासाचं, दोन टप्प्यांचं, सॉलिड इंधनाचं, गायडन्स (उडताना दिशा सुधारणारी यंत्रणा) वगैरे काही नाही, लाँचरचा कोन बरोबर लावायचा आणि बाकी काम फिन्सवर (शेपटाच्या पंखांवर) सोडायचं. वारा मोजायचा तर वर जाऊन तांब्याच्या बारीक तारांचा पुंजका सोडतात, तो वाऱ्याबरोबर वाहत खाली येतो आणि रडार त्याच्यावर नजर ठेवतं, म्हणजे त्या पेलोडमध्ये (रॉकेट वर नेतं त्या सामानात) सेन्सरच नाही!

तुमचं पहिलं रॉकेट मात्र किलोमीटरभरच जाऊ दे. इंधन घरी किंवा हॉस्टेलवर अजिबात बनवायचं नाही, स्फोटकांचा कायदा आहे आणि जीवही जातो. लोहगावला एअरफोर्सचा तळ आहे त्यामुळे पुण्यात परवानगीशिवाय उडवायचा विचारही नको. मोटरची स्टॅटिक टेस्ट (मोटर जमिनीवर घट्ट बांधून पेटवणं) जाणकारांच्या देखरेखीखालीच करा, लोड सेलवर (जोर मोजणाऱ्या सेन्सरवर) थ्रस्टचा, म्हणजे मोटरच्या रेट्याचा ग्राफ घ्या आणि तो हिशोबाशी जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

बाकीचं बरंच जमिनीवर होतं. पूर्ण भरलेलं रॉकेट दोरीवर तोलून सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी (वजनाचा तोल साधणारा बिंदू) शोधा, सेंटर ऑफ प्रेशर (हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू) त्याच्या मागे निदान एका व्यासाएवढं पाहिजे, नाहीतर रॉकेट हवेत कोलांट्या मारतं. पॅराशूटची घडी कशी घालता, नोजकोन (रॉकेटचं टोक) सुटतो का, दोरी गुंतते का, हे परत परत बघा, इथे कंटाळा केला की सगळा डेटा मातीत जातो. कनेक्टर थरथरीत सुटतात, ते ग्लूनं पक्के करा.

पेलोडमध्ये काय नेणार ते ठरवून कळवा, त्यावरच मोटर किती मोठी लागेल ते ठरतं.