कचरागाडीचा हात

प्रश्न : रस्त्यावरचा डबा स्वतःच उचलून रिकामा करणारी कचरागाडी पहिल्यांदा कुणी बनवली? आणि एवढा कचरा तिच्यात मावतो कसा?

उत्तर : श्रेय एकाच्याच पदरात टाकता येणार नाही. लंडनच्या चिझिक भागात १८९७ च्या सुमारास थॉर्निक्रॉफ्ट कंपनीची वाफेवर चालणारी कचरागाडी आली. घोड्यांची सुटका झाली, माणसांची नाही. भरलेला डबा उचलून गाडीत ओतायचं काम त्यांच्याच गळ्यात राहिलं. पुढे काहींनी गाडीला मोठी बादली जोडली. ती तारेच्या दोराने टपापर्यंत ओढायची आणि उपडी करायची. चढवणं सोपं झालं, पण कचरा सैलच, म्हणजे गाडीत निम्मी हवा.

माझं आयुष्य हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीत गेलं, त्यामुळे मी थोडा पक्षपाती असेन. पण माझ्या लेखी खरी उडी १९३८ ची. अमेरिकेतल्या गारवुड कंपनीने ‘लोड पॅकर’ आणला आणि तेलाच्या दाबाने कचरा आवळायला सुरुवात झाली. आजच्या मागून भरायच्या गाडीत हौद इतका खाली असतो की डबा नुसता कलता केला तरी भागतं. पोलादी पातं हौदात उतरतं, कचरा खरवडून वर, आत लोटतं. गंमत आत आहे. तिथे एक सरकती भिंत असते आणि गाडी रिकामी असताना ती मागच्या दाराजवळ आणून ठेवतात. कचऱ्याचा रेटा ठरावीक दाबापलीकडे गेला की व्हॉल्व्ह भिंतीला रोखून धरणारं जरासं तेल सोडतो आणि भिंत केबिनच्या दिशेने थोडी हटते. त्यामुळे पहिल्या डब्यापासूनच माल ठासून बसतो. डेपोत हीच भिंत उलट चालवायची की सगळं बाहेर. गाडीचं धूड तिरकं करायला नको.

डबा उचलण्याचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या नॉक्सव्हिल शहराच्या डेम्पस्टर बंधूंनी १९५० च्या दशकात पुढून काटे घालून डबा केबिनवरून उपडा करणारी गाडी आणली. बाजूने हात काढणारी गाडी तिथल्याच अ‍ॅरिझोना राज्यातल्या स्कॉट्सडेल शहराने १९७० च्या आसपास चालवून दाखवली. तिचं टोपणनाव ‘गॉडझिला’! चालकाला केबिनमधून उतरायचं कामच नाही.

मात्र या हाताला कुठलाही डबा चालत नाही. डब्याचा आकार, उंची, ठेवायची जागा, सगळं ठरलेलं लागतं. मध्ये एखादी मोटार उभी असली की हात तिथवर पोचतच नाही, चालकाला उतरावंच लागतं. जिथे डबे नाना तऱ्हेचे आणि रस्ते गाड्यांनी भरलेले, तिथे मी तरी मागून भरायची गाडीच घ्या म्हणेन.