चार इम्प्लांटवरची फ्रेम तोंडात बसत नाही, तेव्हा मापात काय चुकलेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा: दात नसलेल्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट (हाडात बसवलेली कृत्रिम मुळं), मागचे दोन साधारण 30 अंश कललेले. क्लोज्ड ट्रेने (यात ट्रे काढला तरी कोपिंग, म्हणजे मापासाठी इम्प्लांटवर लावलेले भाग, तोंडातच राहतात), पुट्टी आणि लाइट बॉडीत (घट्ट आणि पातळ सिलिकॉनमध्ये) माप घेतलं. फ्रेम (दातांखालचा धातूचा सांगाडा) मापावरून ओतलेल्या मॉडेलवर बसते, तोंडात एका टोकाचा स्क्रू आवळला की दुसरं टोक उचलतं. पुट्टीऐवजी पॉलिइथर (मापाचं दुसरं, जास्त ताठ मटेरियल) घ्यावं का?

आधी मॉडेलवरही एकाच टोकाचा स्क्रू लावून बघा. चारही आवळले की वाकडी फ्रेमसुद्धा झकास बसलेली दिसते. तशीही फट नसेल तर फ्रेम ठीक आहे, मॉडेल चुकलंय. मग नुसतं मटेरियल बदलून फारसा फरक पडणार नाही. एकदोन जवळपास समांतर इम्प्लांटना क्लोज्ड ट्रे चालतो. इथे मात्र ट्रे काढताना कललेल्या कोपिंगभोवती मटेरियल ताणलं जातं, आणि नंतर कोपिंग हाताने परत मापात बसवताना ते थोडं वर राहतं किंवा फिरतं. दाताच्या मुळाभोवतीचा लिगामेंट (लवचिक तंतूंचा थर) थोडी चूक पोटात घालतो. हाडात घट्ट बसलेला इम्प्लांट घालत नाही.

मागच्या इम्प्लांटवर कोनाचे मल्टी-युनिट अॅबटमेंट (कल सरळ करणारे जोडभाग) बसवा आणि माप त्यांच्यावरूनच घ्या, म्हणजे कलाचा बराच त्रास संपतो. ओपन ट्रे कोपिंग (स्क्रू सोडवल्यावर मापासोबतच बाहेर येणारे) लावून एक्स-रे काढा. किरण इम्प्लांटच्या अक्षाला काटकोनात पडले नाहीत तर फट दिसतच नाही. कललेल्या बाजूला कोपिंग हिरडीवर किंवा हाडावर अडकून अर्धवट बसणं नेहमीचं आहे.

आता कोपिंग एकमेकांना जोडणं, सगळी मदार यावर. त्यासाठीचं पॅटर्न रेझिन (एक अॅक्रिलिक) घट्ट होताना आकसतं, आणि त्यातलं बहुतेक आकुंचन पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत होतं. तोंडातच जाड पट्टी ओतली तर ते कोपिंगनाच ओढतं. म्हणून पट्टी प्राथमिक मॉडेलवर आदल्या दिवशी करून ठेवा आणि दोन कोपिंगच्या मधोमध पातळ डिस्कने कापा. तोंडात तुकडे बसले की त्या बारीक फटीत ब्रशने थेंबथेंब रेझिन भरा. भर जितकी कमी, तितकी ओढ कमी. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

ट्रे कस्टम (त्याच रुग्णासाठी बनवलेला) हवा, कोपिंगभोवती 2-3 मिमी जागा, वर खिडकी; ट्रेला लावलेलं अॅडहेसिव्ह पूर्ण सुकू द्या. मटेरियल पॉलिइथर घ्या किंवा मीडियम बॉडी अॅडिशन सिलिकॉन. कोपिंग जोडलेले असले की दोन्ही चालतात. (लॅटेक्स ग्लोव्हजनी सिलिकॉन पुट्टी मळू नका, गंधकामुळे ती नीट सेट होत नाही.) ट्रे उचलण्याआधी चारही स्क्रू पूर्ण सुटलेत ना, हे एकेक वर ओढून बघा. अॅनालॉग (मॉडेलमध्ये इम्प्लांटच्या जागी बसणारी त्याची प्रतिकृती) लावताना तो चिमट्यात धरा, नाहीतर स्क्रूचा पीळ थेट कोपिंगवर जातो. मॉडेल ओतायला टाइप 4 स्टोन (कठीण जिप्सम), पाणी मोजून.

मॉडेल आलं की धातूचं काम लगेच सुरू करायला सांगू नका. त्याच मॉडेलवर रेझिनचा व्हेरिफिकेशन जिग (मॉडेल तोंडाशी जुळतं का हे तपासणारी पट्टी) करून घ्या. तोही कापून, दुसऱ्या दिवशी जोडलेला. तो तोंडात एका टोकाच्या स्क्रूवर लावून दुसऱ्या टोकाला प्रोब (बारीक टोकदार हत्यार) फिरवा, शंका आली तर एक्स-रे. डुलला तर जिग तिथेच कापून तोंडातच परत जोडा. मग मॉडेलमधला चुकलेला अॅनालॉग कोरून काढा, जिगला लावा आणि भोवती स्टोन भरा. पूर्ण माप पुन्हा घ्यावं लागत नाही.

तोंडातलं माप डिजिटल घेणाऱ्या स्कॅनरचं विचाराल तर एकदोन इम्प्लांटना उत्तम. पूर्ण जबड्यात, गुळगुळीत हिरडीवर एकामागून एक चित्रं जोडताना चूक साठत जाते, त्यामुळे स्कॅन केलात तरी जिग करावाच लागेल.

आत्ताची फ्रेम फेकू नका. फट जिथे आहे तिथे कापून, तोंडात रेझिनने जोडून लॅबला लेझर वेल्डिंगसाठी पाठवता येईल. ती स्क्रूच्या जोरावर खाली ओढून मात्र बसवू नका. स्क्रू सैल होत राहतील किंवा तुटतील.