एका घोड्याला गाठ आली म्हणून अख्खा रायडिंग क्लब महिनाभर बंद ठेवणं हा अतिरेक नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी म्हापशाजवळच्या एका क्लबात घोडेस्वारी शिकते. तिथल्या एका घोड्याला स्ट्रँगल्स झाल्याचं निदान झालं आणि क्लबने महिनाभर वर्ग बंद केले. बाकीचे घोडे ठणठणीत दिसतात. मग एवढा बाऊ कशाला, मुलीला काही धोका आहे का, आणि भरलेली फी परत मागावी का?

मी फोंड्याकडे एका लहानशा क्लबात तबेल्याची व्यवस्था बघतो आणि हा आजार आमच्याकडे येऊन गेलाय. माझं मत स्पष्ट आहे: तुमचा क्लब बरोबर वागतोय, आणि महिना पुरेल असंही नाही.

स्ट्रँगल्स हा स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय या जिवाणूमुळे होणारा आजार. लागण झाल्यावर साधारण 3 ते 14 दिवसांत ताप चढतो, घोडा चंदी (दाणा) खाणं सोडतो, मग जबड्याखाली किंवा घशाजवळ गाठ येते. ती पिकून फुटते, नाकातून घट्ट पिवळा स्राव वाहतो. बहुतेक घोडे यातून नीट बरे होतात. पण घशातली गाठ मोठी झाली तर श्वास कोंडतो, आणि गाठी छातीत-पोटात झाल्या तर जीव वाचवणं कठीण होतं. वयात येणारी शिंगरं एका तबेल्यात असली तर सगळीच्या सगळी आजारी पडू शकतात.

आता बाकीच्या ठणठणीत दिसणाऱ्या घोड्यांचं. या आजारात ताप आधी येतो आणि नाकातून जिवाणू पडायला त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सुरुवात होते. हातात असतात ते एवढेच दिवस. म्हणून आम्ही प्रत्येक घोड्याचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचो. 101.5 फॅरेनहाइटच्या वर गेला की गाठ असो वा नसो, तो घोडा वेगळा. आमची एक घोडी चंदी खात होती, डोळे स्वच्छ, मोतद्दाराला (घोड्यांची निगा राखणाऱ्याला) खरारा करू देत होती, आणि थर्मामीटर 102.8 दाखवत होता. त्याच रात्री तिला काजूच्या बागेकडच्या शेडमध्ये हलवली. गाठ नंतर वर आली. तिच्या दोन्ही बाजूंना बांधलेले घोडे वाचले. नुसतं बघून ठरवलं असतं तर ते वाचले नसते, याबद्दल मला शंका नाही.

दुसरं टोक बरं झाल्यानंतरचं. गाठ फुटली, जखम भरली, घोडा खायला लागला, तरी तो आणखी काही आठवडे जिवाणू सोडत असतो. घोड्याच्या घशाच्या वर, कवटीच्या बुडाशी हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यांना गटरल पाउच म्हणतात. तिथे पू साचून सुकला तर काही घोडे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षं लागण बाळगून हिंडतात, बाहेरून काही कळत नाही. म्हणून मोकळा सोडण्याआधी एकतर आठवड्याच्या अंतराने तीनदा नाक-घसा धुतलेलं पाणी तपासून ते स्वच्छ यावं लागतं, किंवा एंडोस्कोपने (कॅमेऱ्याच्या बारीक नळीने) त्या पिशव्यांत बघून तिथला नमुना तपासावा लागतो. दोन-तीन आठवडे इथेच गेले, आणि तेही शेवटचा घोडा बरा झाल्यावर मोजायला सुरुवात करायची. क्लबला विचारायचंच असेल तर हे विचारा: ताप रोज मोजताय का, वही दाखवाल का, आणि शेवटी कोणती तपासणी करून फाटक उघडणार? याची नीट उत्तरं देणारा क्लब मुलीसाठी चांगला क्लब आहे.

हा आजार इन्फ्लुएंझासारखा वाऱ्यावर लांब जात नाही. तो हातांनी, पाण्याने आणि सामानाने जातो. लगामाची कडी, तोबरा, खराऱ्याचा ब्रश, मोतद्दाराचा खांद्यावरचा टॉवेल. सगळ्यात फसवी गोष्ट पाण्याचा पाइप. एका बादलीत पाइपचं टोक बुडवून ती भरायची, मग तेच टोक पुढच्या बादलीत. अशाने एका सकाळीत सगळ्या रांगेला लागण पोचते. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी त्रास. खोगिराखालची गादी आठवडाभर सुकत नाही, ऊन मिळत नाही, आणि शेण-चिखलावर जंतुनाशक ओतून उपयोग नसतो. आधी घासून धुवायचं, मग औषध. नालबंदही बेळगावहून चोर्ला घाटाने येतो आणि एका फेरीत तीन-चार तबेले करतो. आजाराच्या काळात त्याला फोन करून थांबवणं हे पहिल्या दिवशीचं काम. खूर वाढले तर वाढू देत.

फाटक उशिरा बंद झालं तर काय होतं, ते 2007 साली ऑस्ट्रेलियात दिसलं. तो आजार वेगळा, घोड्यांचा इन्फ्लुएंझा. सिडनीजवळच्या विलगीकरण केंद्रातून तो बाहेर निसटला, आणि ऑगस्टमध्ये बाहेरच्या घोड्यांत तो पहिल्यांदा सापडला तो सिडनीतल्या सेंटेनियल पार्कच्या घोडेस्वारीच्या तबेल्यांत. चौकशीत निष्कर्ष निघाला की तो बहुधा माणसाच्या अंगावरून किंवा सामानावरून बाहेर पडला. देशभर घोड्यांची हालचाल थांबवली, शर्यती थांबल्या, मुलांचे पोनी क्लब महिनोन्‌महिने बंद राहिले. आपल्याकडे 2008 मध्ये तोच इन्फ्लुएंझा जम्मूतल्या कटऱ्याच्या घोड्या-खेचरांत दिसला आणि बऱ्याच राज्यांत पसरला.

मुलीला धोका? स्ट्रँगल्सपासून जवळजवळ नाही. माणसाला तो होणं फार दुर्मीळ. पण मुलगी तो दुसऱ्या घोड्यांपर्यंत नेऊ शकते. तेव्हा क्लब बंद आहे म्हणून तिला त्याच बुटांनी आणि हातमोज्यांनी दुसरीकडे शिकायला पाठवू नका. निदानाची खात्री मात्र लेखी करून घ्या, कारण ग्लँडर्स हा वेगळा आजार आहे. त्यातही नाकातून स्राव येतो, कातडीवर गाठी येऊन फुटतात, आणि तो माणसाला होतो, जिवावर बेततो. त्याची सरकारी पशुवैद्यकांना खबर देणं कायद्याने बंधनकारक आहे, नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात, आणि निदान पक्कं झालं तर घोड्याला दयामरण द्यावं लागतं.

राहिली फी. वर्ग बंद असले तरी प्रत्येक घोड्याला रोजची वैरण-चंदी लागते, मोतद्दारांचा पगार चालू असतो, वर डॉक्टर, तपासण्या आणि औषधं. बाहेरच्या स्पर्धा बुडतात, लग्नाच्या वरातीची बोलावणी परत करावी लागतात. आमच्याकडे त्या काळात उत्पन्न शून्य आणि खर्च नेहमीपेक्षा जास्त होता. काही पालकांनी पैसे काढून घेतले, तो त्यांचा हक्कच होता. ज्यांनी ठेवले त्यांचे वर्ग आम्ही चवथीनंतर रविवारी जादा घेऊन भरून काढले. तुम्हीही तसंच लेखी ठरवून घ्या: बुडालेले सगळे वर्ग पुढे मिळतील, आणि क्लब तीन महिन्यांत सुरू झाला नाही तर पैसे परत. आणि नवीन घोडा आणताना तो निदान तीन आठवडे वेगळा बांधणार का, हेही त्याच कागदावर घ्या.