न्यूटनचा १६७२ चा प्रकाशावरचा शोधनिबंध अस्सल आहे हे सुटी पानं पाहून कसं ओळखावं?

आधी पानांचे क्रमांक बघा. लंडनच्या रॉयल सोसायटीचं नियतकालिक ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’च्या ८० व्या अंकात हा निबंध ३०७५ ते ३०८७ या पानांवर आहे. क्रमांक वेगळे असतील तर बहुधा नंतरच्या संक्षिप्त आवृत्तीची पानं आहेत. १८०९ च्या १८ खंडी संचातली तर सर्रास ‘मूळ’ म्हणून विकतात.

सालावरून शंका नको. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून १९ फेब्रुवारीच्या या अंकाला १६७१ही म्हणतात आणि १६७२ही.

मग पान उजेडासमोर धरा. हातकागदात साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवर कागदाच्या साच्यातल्या तारांच्या फिकट रेषा दिसतात. हा अंक क्वार्टो, म्हणजे ताव दोनदा दुमडलेला. त्यामुळे त्या रेषा आडव्या हव्यात आणि जलचिन्ह (कागद बनवतानाच उमटलेली खूण) असलंच तर शिवणीपाशी, अर्धंमुर्धं. उभ्या रेषा दिसल्या किंवा रेषाच नसल्या, तर पुढची चौकशी सोडा. जुन्या कागदावरचं आधुनिक छायामुद्रण मात्र एवढ्यानं पकडलं जात नाही. त्यासाठी तिरक्या उजेडात छपाईच्या खिळ्यांचा (धातूच्या अक्षरांचा) दाब पाठच्या बाजूला उमटलाय का ते बघा.

शिवणीकडे सुईची भोकं दिसली तर घाबरू नका, बहुतेक प्रती बांधीव खंडातूनच सुटलेल्या असतात. समास कापताना मजकूर गेला असेल, तर किंमत पाडून मागा.